विमानाच्या दाराशी थांबलेली खुर्ची

वाहनांच्या इतिहासात वेग, अंतर आणि उंची यांचे मोजमाप मोठ्या अभिमानाने केलेले असते. कोणत्या साली कोणत्या महासागरावरून पहिले विमान गेले, किती तासांत गेले, किती माणसे घेऊन गेले, हे आपल्याला पाठ असते. पण त्या वाहनात कोणाला चढता आले आणि कोण दाराशीच राहिले, याची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. ज्यांना आपल्या पायांनी चालता येत नाही, अशा माणसांच्या विमानप्रवासाचा इतिहास हा असा नोंदीबाहेर राहिलेला इतिहास आहे. त्याचीच थोडी ओळख आज करून घ्यावयाची आहे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. चाकांची खुर्ची, जिला आपण व्हीलचेअर म्हणतो, ती तिच्या मालकाच्या दृष्टीने केवळ बसण्याची वस्तू नव्हे. ती त्याच्या शरीराच्या मापाने बेतलेली असते. पाठीचा बाक, मानेचा आधार, पावले टेकण्याची जागा आणि सतत बसून कातडीला जखमा होऊ नयेत म्हणून घातलेली गादी, हे सारे त्या एका देहासाठी जुळवलेले असते. दुसऱ्याची खुर्ची उसनी घेणे म्हणजे दुसऱ्याचे पाय उसने घेण्यासारखे आहे. आगगाडी, बस किंवा आगबोट यांत खुर्चीसह आत जाण्याची सोय करता येते आणि अनेक देशांत ती झालीही आहे. विमानाची रीत मात्र निराळी. तेथे दाराशी माणसाला त्याच्या खुर्चीतून उचलले जाते. माणूस वर आसनावर बसतो आणि खुर्ची खाली सामानाच्या कोठारात जाते. ही ताटातूट हाच या इतिहासाचा गाभा आहे.

आधुनिक चाकांची खुर्ची आणि प्रवासी विमान ही दोन्ही जवळजवळ एकाच काळाची अपत्ये आहेत. हर्बर्ट एव्हरेस्ट हा अमेरिकन अभियंता १९१८ मध्ये खाणीतील अपघातात पाठीचा कणा मोडून बसला. त्याने आपला मित्र हॅरी जेनिंग्ज याच्या साहाय्याने १९३३ मध्ये पोलादी नळ्यांची, फुलीसारख्या आधारावर मिटणारी खुर्ची तयार केली. तोवरच्या लाकडी, बोजड खुर्च्या घराबाहेर नेणे म्हणजे एक मोहीमच असे. ही नवी खुर्ची मिटून मोटारीत ठेवता येऊ लागली आणि अपंग माणसाच्या जगाची हद्द एकदम विस्तारली. खुर्ची प्रवासाला सिद्ध झाली होती. प्रश्न होता तो वाहनाच्या सिद्धतेचा.

त्या काळच्या विमान कंपन्यांची दृष्टी कशी होती, हे एका वस्तुस्थितीवरून कळते. १५ मे १९३० रोजी अमेरिकेत एलेन चर्च ही पहिली हवाई सेविका विमानात कामाला लागली. ती शिक्षित परिचारिका होती आणि तिच्या मागोमाग घेतलेल्या तरुणीही परिचारिकाच होत्या. उड्डाणाची धास्ती घेतलेल्या प्रवाशांना धीर मिळावा, हा त्यामागचा हेतू. अर्थात धडधाकट प्रवासीही जेथे संभाव्य रोगी मानला जात होता, तेथे खुर्चीत बसलेला माणूस रोगीच ठरणार, हे उघड होते. तो आजारी नाही, त्याला फक्त चालता येत नाही, हा भेद समजून घ्यावयास विमानव्यवसायाला पुढे पन्नासहून अधिक वर्षे लागली.

गंमत अशी, की पाय नसलेला माणूस विमान चालवू शकतो हे जगाने तत्पूर्वीच पाहिले होते. डग्लस बाडर या ब्रिटिश वैमानिकाचे दोन्ही पाय डिसेंबर १९३१ मधील अपघातात गेले. त्याला सेवेतून निवृत्त केले गेले. परंतु १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर तो पुन्हा हवाई दलात आला आणि दोन कृत्रिम पायांनिशी लढाऊ विमाने उडवू लागला. ९ ऑगस्ट १९४१ रोजी फ्रान्सवर त्याचे विमान पडले. उडी घेताना त्याचा उजवा कृत्रिम पाय विमानात अडकला, तो तेथेच सोडून तो हवाई छत्रीने खाली उतरला आणि जर्मनांच्या हाती सापडला. मग जर्मनांच्या संमतीने त्याच्यासाठी नवा पाय धाडण्याचे ठरले. त्याच महिन्याच्या १९ तारखेला बॉम्बफेकीवर निघालेल्या ब्रिटिश विमानांनी वाटेत तो पाय पेटीत घालून छत्रीने खाली सोडला. भर युद्धात दोन शत्रुराष्ट्रांनी एका कृत्रिम पायाची निकड ओळखली आणि तो ज्याचा त्याला पोचता केला. पुढे शांततेच्या काळात असंख्य प्रवाशांच्या वाट्याला एवढी तत्परता आली नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ मध्ये पोलिओने निकामी झाले होते. त्यांची नेहमीची खुर्ची म्हणजे घरातील साध्या, बिनहातांच्या खुर्चीला चाके बसवून केलेली एक सुटसुटीत वस्तू होती. ती अरुंद दारांतूनही जात असे. जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांका येथील परिषदेसाठी ते अटलांटिक ओलांडून विमानाने गेले. अधिकारावर असताना विमानप्रवास करणारे ते पहिले अमेरिकन राष्ट्राध्यक्ष होत. त्यानंतर त्यांच्यासाठी डग्लस कंपनीचे चार इंजिनांचे एक खास विमान बांधण्यात आले. बातमीदारांनी त्याला ‘सेक्रेड काऊ’, म्हणजे पवित्र गाय, असे थट्टेचे नाव दिले. या विमानाच्या मागील भागात विजेवर चालणारा एक छोटा पाळणा बसवलेला होता. खुर्चीसह राष्ट्राध्यक्षांना जमिनीवरून थेट विमानात उचलून घेण्याची ती योजना होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये रूझवेल्ट या विमानाने माल्टाहून क्रिमियात याल्टा परिषदेसाठी गेले. एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. ते विमान आज अमेरिकेतील डेटन येथील हवाई दलाच्या संग्रहालयात आहे.

या पाळण्याचे महत्त्व इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट लक्षात घ्यावे. खुर्चीत बसलेल्या माणसाला मानाने विमानात घेणे १९४५ साली तंत्रदृष्ट्या शक्य होते. ते एका माणसासाठी केले गेले, कारण तो माणूस राष्ट्राध्यक्ष होता. वाहन माणसाच्या मापाने बदलावे की माणसाने वाहनाच्या मापाने आपल्याला मुडपून घ्यावे, हा प्रश्न तेथे वाहनाच्या बाजूने सोडवला गेला. इतरांच्या बाबतीत तो माणसाच्या माथी मारला गेला.

युद्धानंतर दोन्ही प्रवाह पुढे गेले, पण परस्परांपासून दूर. युद्धात मान आणि पाठ मोडलेले असंख्य सैनिक औषधोपचारांच्या प्रगतीमुळे जिवंत राहिले. हातांतही बळ नसलेल्या अशा सैनिकांसाठी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत जॉर्ज क्लाइन यांनी विजेवर चालणारी खुर्ची सिद्ध केली. बोटाच्या हालचालीवर चालणाऱ्या या खुर्चीने परावलंबी माणसाला स्वतःची दिशा ठरवण्याचे स्वातंत्र्य दिले. परंतु मोटार आणि बॅटऱ्या यांमुळे ती जड झाली आणि मिटेनाशी झाली. इकडे जेट विमाने आली. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इमारतीतून थेट विमानाच्या दारापर्यंत नेणारे पूल काही विमानतळांवर बसू लागले आणि जिन्याची अडचण तेथे दूर झाली. अडचण आता दाराच्या आत सरकली. विमानातील आसनांमधील वाट किमान किती रुंद असावी याचा नियम आहे. मोठ्या विमानात ती खालच्या बाजूस सुमारे ३८ सेंटिमीटर असली तरी चालते. एवढ्या वाटेने कोणतीही नेहमीची चाकांची खुर्ची जाऊ शकत नाही. म्हणून प्रवाशाला एका चिंचोळ्या खुर्चीवर पट्ट्यांनी बांधून आत नेतात आणि दोघे जण उचलून आसनावर ठेवतात. उचलणारे हात शिकलेले नसतील तर इजा होते, आणि शिकलेले असले तरी चारचौघांच्या देखत उचलले जाण्याचा संकोच उरतोच.

खाली कोठारात खुर्चीचे काय होते? दीडशे ते दोनशे किलो वजनाची विजेची खुर्ची सामान चढवणाऱ्या पट्ट्यावरून वर जाते. कोठाराचे दार बुटके. खुर्चीची पाठ उंच. मग ती आडवी करतात, तिचे भाग सुटे करतात, नको तेथे धरून ओढतात. बॅटरीचा प्रश्न तर स्वतंत्रच. जुन्या बॅटऱ्यांतील आम्ल सांडण्याची भीती, तर आजच्या लिथियम बॅटऱ्यांना आग लागण्याची. सुटी होणारी लिथियम बॅटरी प्रवाशाने काढून स्वतःबरोबर आत न्यावी, तीही ३०० वॉट-तासांपर्यंतची एक किंवा १६० वॉट-तासांपर्यंतच्या दोन, असा आंतरराष्ट्रीय दंडक पडलेला आहे. नियम सुरक्षिततेसाठी आहेत आणि ते योग्यही आहेत. पण तारा कोणी तोडल्या, कोणी चुकीच्या जोडल्या, हे मुक्कामी पोचल्यावर खुर्ची हलेनाशी झाली म्हणजेच कळते.

येथे कायद्याचा प्रश्न येतो. १९२९ मध्ये वॉर्सा येथे झालेल्या कराराने आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीतील जबाबदारीचे नियम ठरवले. सामानाच्या नुकसानीची भरपाई त्यात दर किलोस २५० सुवर्ण फ्रँक, अशी वजनावर बेतलेली होती. १९९९ च्या माँट्रियल कराराने वजनाचे माप सोडून दर प्रवाशामागे एक कमाल रक्कम ठरवली. भारतानेही २००९ मध्ये हा करार स्वीकारला. ही मर्यादा प्रारंभी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबातील १,००० विशेष आहरण अधिकार एवढी होती. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ झाली, म्हणजे सुमारे दोन हजार अमेरिकन डॉलर. शरीराच्या मापाने बेतलेल्या विजेच्या खुर्चीची किंमत याच्या कित्येक पट असते. अधिक किमतीची आगाऊ घोषणा करून, मागितल्यास जादा आकार भरून मर्यादा वाढवून घेता येते. पण मुळात चाकांची खुर्ची आणि कपड्यांची पेटी यांत हा कायदा भेद करीत नाही. पेटी हरवली तर माणसाचे कपडे जातात. खुर्ची मोडली तर त्याचे चालणे जाते.

या स्थितीविरुद्धचा संघटित लढा प्रथम अमेरिकेत उभा राहिला. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना अपंगांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली होती. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माजी सैनिकांच्या संघटनेने म्हटले, की विमान कंपन्यांनाही तो लागू झाला पाहिजे. २७ जून १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी मदत विमानतळांना मिळते, कंपन्यांना नव्हे; सबब त्या या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. युद्धात देशासाठी जायबंदी झालेले सैनिक न्यायालयात हरले, पण त्या पराभवातूनच कायदा जन्मास आला. अवघ्या सव्वातीन महिन्यांत, २ ऑक्टोबर १९८६ रोजी, अपंग प्रवाशांशी भेदभाव करण्यास विमान कंपन्यांना मनाई करणारा स्वतंत्र कायदा झाला आणि १९९० मध्ये त्याचे तपशीलवार नियम आले. नव्या विमानांत आसनांचे हात वर उचलता यावेत, मोठ्या विमानांत एक मिटणारी खुर्ची ठेवण्यास आत जागा असावी, दोन वाटांच्या विमानांत खुर्चीवरून वापरता येईल असे शौचगृह असावे, अशा तरतुदी त्यात होत्या. देशांतर्गत उड्डाणांत सहायक साधनांना भरपाईची सर्वसाधारण मर्यादा लागू नसावी, हेही पुढे मान्य झाले. एकाच वाटेच्या विमानांतील शौचगृहाचा नियम मात्र २०२३ मध्ये झाला आणि तो लागू व्हावयाचा आहे २०३३ नंतर मागवलेल्या विमानांना. तोवर अनेक प्रवासी, प्रवासापूर्वी कित्येक तास पाणीच न पिणे, हा आपला जुना उपाय करीत राहणार.

मोजल्यावाचून गाऱ्हाण्याला वजन येत नाही. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानंतर मोडलेल्या, हरवलेल्या वा उशिरा पोचलेल्या खुर्च्यांची संख्या कंपन्यांना दरमहा जाहीर करावी लागली. २०२३ या एका वर्षात ती ११,५२७ भरली. म्हणजे कोठारात गेलेल्या दर शंभरांत एकीहून अधिक. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीला पाच कोटी डॉलरचा दंड ठोठावण्यात आला. डिसेंबर २०२४ मध्ये अधिक कडक नियम निघाले. पण कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०२५ मध्ये त्यांतील काही तरतुदींची अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली.

आता आपल्या देशाकडे वळू. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात, विमाने आणि त्यांतील शौचगृहे चाकांच्या खुर्चीच्या प्रवाशांना सोयीची करावीत, असे स्पष्ट लिहिलेले होते. मात्र त्याला ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी जोड होती आणि त्या जोडीत पुष्कळसे कलम विरघळून गेले. २००८ मध्ये नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने अपंग प्रवाशांसंबंधीचे नियम काढले. नियम कागदावर होते. ते विमानात पोचले होते काय, याची परीक्षा १९ फेब्रुवारी २०१२ रोजी झाली. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या जिजा घोष कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. मुंबईच्या ‘अडॅप्ट’ या संस्थेने तेथे भरवलेल्या परिषदेचे त्यांना निमंत्रण होते. जन्मापासूनच्या मेंदूच्या पक्षाघातामुळे त्यांच्या चालण्याबोलण्यात फरक आहे. त्या विमानात आपल्या आसनावर बसलेल्या असताना त्यांना खाली उतरवण्यात आले. अपंगांच्या हक्कांची चर्चा करावयास निघालेल्या स्त्रीला तिच्या अपंगत्वामुळेच वाटेतून परतावे लागले!

घोष आणि ती संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दरम्यान सरकारने समिती नेमली आणि २८ फेब्रुवारी २०१४ रोजी नियम सुधारले गेले. अपंग व्यक्तीला आणि तिच्या सहायक साधनांना, आगाऊ सूचना दिलेली असता, नेण्यास नकार देता येणार नाही, हे त्यांतील मुख्य सूत्र. १२ मे २०१६ रोजी न्यायालयाने दहा लक्ष रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. अपंग माणसाला हवी असते ती दया नव्हे, तर माणूस म्हणून प्रतिष्ठा, असा त्या निकालाचा आशय आहे. आपल्याकडील या विषयाच्या इतिहासात ती तारीख मैलाचा दगड ठरावी.

तरीही निकालानंतर सारे सुरळीत झाले असे म्हणता येत नाही. मे २०२२ मध्ये रांची येथे एका अपंग मुलाला विमानात घेण्याचे नाकारले गेले. कंपनीला पाच लक्ष रुपये दंड झाला आणि प्रवासाच्या योग्यतेचा निर्णय डॉक्टरांच्या तपासणीवाचून घेता येणार नाही, अशी दुरुस्ती नियमांत झाली. जयपूर पायावर नृत्य करून ख्याती मिळवलेल्या सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीरपणे गाऱ्हाणे मांडले, की विमानतळावरील तपासणीत आपल्याला दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो. सुरक्षा दलाने त्यांची क्षमा मागितली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या विमानतळावर ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह न्यूयॉर्कहून उतरले. दोघांसाठी खुर्च्यांची मागणी आधीच नोंदवलेली होती; मिळाली एकच. पत्नीला खुर्चीत बसवून ते तिच्याबरोबर चालत निघाले, वाटेत कोसळले आणि मरण पावले. संबंधित कंपनीला तीस लक्ष रुपयांचा दंड झाला. खुर्ची ही चैन आहे की गरज, याचे उत्तर याहून स्पष्ट शब्दांत मिळणे कठीण.

विमान कंपन्यांची बाजूही ऐकावयास हवी. संकटकाळी नव्वद सेकंदांत सर्व प्रवासी बाहेर काढता आले पाहिजेत, असा अमेरिकेतील १९६७ पासूनचा नियम आहे. विमानातील आसनाला स्वतःच्या वजनाच्या सोळापट धक्का सोसावा लागतो, हा १९८८ चा दंडक. बाजारात घेतलेली कोणतीही खुर्ची या कसोटीला उतरेलच असे नाही. ही शंका खोटी नव्हे. परंतु २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या तज्ज्ञसमितीने या प्रश्नाचा अभ्यास केला. विमानात खुर्ची पक्की बसवून तिच्यातूनच प्रवास करता यावा, या कल्पनेच्या आड येणारी अजिंक्य अशी तांत्रिक अडचण आपल्याला दिसत नाही, असा निर्वाळा तिने दिला. पुढील चाचण्या कराव्यात अशी शिफारसही केली. नेहमीच्या जेट विमानांच्या दारांतून पुष्कळशा खुर्च्या आत येऊ शकतात. पुढच्या दाराजवळच्या आसनांच्या दोन ओळी तेवढ्या हलवाव्या लागतील. जून २०२३ मध्ये हॅम्बर्गच्या प्रदर्शनात असे एक आसन मांडलेही गेले. त्याची बैठक वर उचलली, की त्या जागी विजेची खुर्ची येऊन कुलूपबंद होते. खुर्चीचा प्रवासी नसेल तेव्हा ते इतरांसारखेच आसन असते.

म्हणजे रूझवेल्ट यांच्या पाळण्यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षांनी आपण पुन्हा त्याच प्रश्नापाशी आलो आहोत. मधल्या काळात माणसाने विमानात बसण्याचा हक्क मिळवला. प्रथम तो रोगी होता, मग अडचण झाला, अखेर प्रवासी झाला. आणि यांतील प्रत्येक पायरी कोणाच्या तरी अपमानातून आणि हट्टातून चढली गेली. त्याची खुर्ची मात्र अजून सामानच आहे. कायद्याच्या भाषेत ती पेटीच्या शेजारी मोजली जाते आणि कोठारात पेट्यांखाली ठेवली जाते.

पुढचे पाऊल कोणते, हे आता शोधावयाचे राहिलेले नाही. खुर्ची म्हणजे त्या माणसाच्या देहाचाच भाग, एवढे मान्य केले, की भरपाईचा नियम, कामगारांचे शिक्षण, कोठाराची मांडणी आणि आसनांची रचना या साऱ्यांना आपोआप दिशा मिळते. त्यासाठी खर्च येईल, यात संशय नाही. पण आज जे दोन पायांनी जिना चढून विमानात जातात, त्यांच्यापैकी पुष्कळांना वार्धक्यात हीच खुर्ची लागणार आहे. एका राष्ट्राध्यक्षासाठी विमान बदलता आले होते. ते सर्वसामान्य प्रवाशासाठी बदलावयाचे, तर आता प्रश्न उरतो तो इच्छेचा.